ओबामांनी कुराणावर शपथ घेतली नव्हती

‘बराक ओबामांनी कुराणावर हात ठेवून शपथ घेतली, म्हणजे त्यांची देशनिष्ठा खोटी’ असा मजकूर पुन्हा फिरतो आहे. तो खरा नाही.

20 जानेवारी 2009 रोजी ओबामांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली ती लिंकन यांनी 1861 मध्ये वापरलेल्या बायबलवर. 2013 च्या जाहीर सोहळ्यात त्याच्या जोडीला मार्टिन ल्यूथर किंग यांचे बायबल होते. दोन्ही वेळची चित्रफीत उपलब्ध आहे, कुणीही पाहावी.

घोळ बहुधा कीथ एलिसन यांच्यामुळे झाला. अमेरिकी संसदेवर निवडून आलेले ते पहिले मुस्लिम. जानेवारी 2007 मध्ये शपथेच्या औपचारिक छायाचित्रासाठी त्यांनी कुराण वापरले, आणि ती प्रत होती अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या संग्रहातली! शिवाय कोणताही धर्मग्रंथ तिथे बंधनकारक नाही. राज्यघटनेचे सहावे कलम पदासाठी धर्माची अट घालायला साफ मनाई करते. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी 1901 मध्ये बायबलविनाच शपथ घेतली होती; त्यांच्या देशभक्तीवर त्यासाठी कुणी बोट ठेवत नाही. कृष्णवर्णीय, मधले नाव हुसेन असलेल्या माणसाकडेच हा पुरावा का मागितला जातो, हे मला फार खुपते.

ऑक्टोबर 2008 मध्ये ओबामांच्या विरोधी रिपब्लिकन पक्षाचेच माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल म्हणाले होते की ओबामा ख्रिश्चन आहेत, पण मुस्लिम असते तरी त्यात गैर काय?

कृपया हा मजकूर पुढे पाठवू नका. ज्या गटात पाठवला असेल, तिथे हा खुलासाही टाका.