टूल आणि डोमेन अ‍ॅडमिन मिळाले म्हणजे थ्रेट हंटिंगची तयारी झाली?

नेटवर्कमध्ये लपून बसलेल्या हल्लेखोराचा आपणहून शोध घेणे म्हणजे थ्रेट हंटिंग, आणि ते करणारा तो हंटर. “चांगले ईडीआर (यंत्रांवर नजर ठेवून हल्ले पकडणारे सॉफ्टवेअर) घ्या, हंटरला डोमेन अ‍ॅडमिनचे (संस्थेच्या सगळ्या यंत्रांवर पूर्ण ताबा असलेले) खाते द्या, लॉगचे (यंत्रांनी ठेवलेल्या नोंदींचे) काय ते गरज पडली की बघू,” हा सल्ला सायबर सुरक्षेतील मंडळी एकमेकांना सर्रास देत असतात. त्यातील तिन्ही भाग तपासून पाहण्यासारखे आहेत.

ईडीआर घ्यावेच, पण ज्या यंत्रावर त्याचा एजंट, म्हणजे छोटा प्रोग्राम, बसलेला आहे तेवढेच त्याला दिसते. व्हीपीएनची (बाहेरून नेटवर्कमध्ये जोडून घेणारी) पेटी आणि क्लाउडमधील मेलबॉक्स त्याच्या नजरेबाहेर राहतात. २०२३च्या जूनमध्ये अमेरिकी सरकारी मेलबॉक्समधील घुसखोरी लक्षात आली ती कोणता मेल कोणत्या अ‍ॅपने उघडला हे सांगणाऱ्या ऑडिट नोंदींमुळे, आणि मायक्रोसॉफ्ट त्या काळी या नोंदी फक्त वरच्या दराच्या लायसन्सवर देत असे. (टीका झाल्यावर त्या इतर ग्राहकांनाही खुल्या झाल्या, हा भाग वेगळा.)

डोमेन अ‍ॅडमिनचा आग्रह तर मला धोकादायकच वाटतो. संशयित यंत्रावर हे खाते वापरून नेहमीच्या पद्धतीने रिमोट डेस्कटॉप उघडला, की त्या खात्याची लॉगिनची ओळखपत्रे (पासवर्ड किंवा त्याचे सांकेतिक रूप) यंत्राच्या मेमरीत, लॉगिन सांभाळणाऱ्या एलएसएएस प्रोसेसमध्ये, येऊन बसतात. तिथे आधीच दबा धरून बसलेल्या हल्लेखोराला ती मिमिकॅट्झसारख्या साधनाने उचलता येतात. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, त्याही आपणहून! हंटरला खरे तर लॉगच्या साठ्यावर केवळ वाचण्याचा अधिकार आणि त्यासाठी रोजच्या कामापेक्षा वेगळे खाते हवे असते. यंत्रावर प्रत्यक्ष उतरायचेच झाले तर ते ईडीआरमधून, मोजक्या लोकांनी आणि प्रत्येक कमांडची नोंद राहील अशा रीतीने व्हावे.

राहिला लॉगचा प्रश्न. सोलरविंड्स कंपनीच्या ओरायन या नेटवर्कवर देखरेख ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचे, हल्लेखोरांनी बाधित केलेले अपडेट २०२०च्या मार्चपासून ग्राहकांकडे जात होते आणि प्रकार उघड झाला तो डिसेंबरमध्ये, म्हणजे सुरुवातीचा माग काढायला नऊ महिन्यांपूर्वीच्या नोंदी हाताशी असायला हव्या होत्या. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग ठेवणे बंधनकारक आहे, पण तेवढ्याने हे नऊ महिने भरत नाहीत. मात्र साठवलेल्या लॉगमध्ये नेमके काय उमटते, हे आधीच उघडून पाहावे लागते. विंडोजच्या ४६८८ क्रमांकाच्या नोंदीत (प्रोग्राम सुरू झाल्याची नोंद) कमांड लाइन आपोआप येत नाही, त्यासाठी वेगळी पॉलिसी लावावी लागते. ती नसेल तर पॉवरशेल (विंडोजमध्ये कमांड चालवण्याचे साधन) सुरू झाले एवढेच कळते, त्यात काय चालवले ते कळत नाही, आणि ती पॉलिसी आज लावली म्हणून मागच्या आठवड्यातील नोंदींत कमांड उमटत नाही.