कागदी स्टिकर चिकटवणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार

माझ्या शिडाच्या बोटीचा किकर, म्हणजे बूमला (शिडाच्या तळाच्या आडव्या दांड्याला) खालून तोलून धरणारी नळी. तिच्या आतला गॅसचा स्ट्रट मेला, म्हणून किकरवाल्यांना मेल केला. "जुन्या स्ट्रटवरचा न्यूटनचा आकडा, म्हणजे त्याचा जोर, कळवा." आलं उत्तर. अहो, कुठून कळवू? तुम्ही तो आकडा छापलाय कागदाच्या स्टिकरवर! आणि स्टिकर कुठे, तर जन्मभर खारं पाणी पिणाऱ्या नळीच्या पोटात. बाहेर काढल्यावर हाती काय लागलं? एक पिवळट साल. त्यावर एक '१', मग डाग, मग दोन शून्यं. ११०० की १७००, लावा पैज! कमी घेतला तर शीड उतरवताच बूम डोक्यात. जास्त घेतला तर तोच बूम खाली ओढताना खांदे निखळणार.

बरं, फोटो पाठवला. तर म्हणे हा स्ट्रट सुटा मिळत नाही, पूर्ण किकरच घ्या. का म्हणून? गुंडी तुटली म्हणून नवा सदरा शिवायचा? आत असतं काय, तर सिलिंडर, पिस्टन, घोटभर तेल आणि दाबून भरलेला नायट्रोजन. गाडीची डिकी उचलून धरतो त्याचाच हा भाऊ. दांड्यावरचा क्रोम मिठानं खाल्ला, खड्डे पडले, खड्ड्यांनी सील फाडलं, गॅस गेला. यात धडधाकट नळ्यांचा आणि कप्प्यांचा काय गुन्हा? पण वस्तूला 'मरीन' म्हटलं की किंमत तिप्पट आणि लाज शून्य.

आणि ते रिव्हेट! अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत स्टेनलेसचे रिव्हेट, मध्ये गंज रोखणाऱ्या पेस्टचा थेंब नाही. समुद्रावर! पांढरी पूड धरून नळी अशी आवळली होती की तेल, गरम हवा, रबरी हातोडा, सगळं झालं. ड्रिल लावलं तर रिव्हेटचं डोकं कापलं न जाता ड्रिलबरोबर गरगर फिरतं, वर कुंईं करून ओरडतं. वर सल्लागार हजर: "भोक पाडून गॅस भरून घे की." दाबाच्या सिलिंडरला भोक? तुम्हीच पाडा, मी लांब उभा राहतो.

दुपारभर मी त्या नळीला इतकं घालूनपाडून बोललो की शेजारच्या बोटीवरच्यांनी हळूच खिडकी लावून घेतली. स्ट्रटमधला दाब गेला कुठे, हे आता कळलं. माझ्यात.

शेवटी बूमच्या टोकाला ताणकाटा लावला. शिडासकट १५ किलो. बूम ४ मीटर, गूझनेकपासून (बूम डोलकाठीला जोडलेला असतो त्या सांध्यापासून) किकरच्या रेषेपर्यंतचं लंब अंतर ६० सेंटीमीटर. गुणा-भागा, १००० न्यूटनच्या जरा आत. म्हणजे ११००च की! जे गणित मी हॅलियार्डला, म्हणजे शीड चढवायच्या दोरीला, बूम टांगून पाच मिनिटांत केलं, ते त्या मेलवाल्यांना सुचवता येत नव्हतं?

मग साध्या औद्योगिक दुकानातून मागवायला गेलो, तर कॅटलॉगमध्ये लांबी. टोकापासून टोकापर्यंत की टोकांच्या डोळ्यांच्या (जोडायच्या भोकांच्या) मध्यापासून मध्यापर्यंत? ते लिहिलं तर शाई संपते बहुतेक! फोन करून विचारलं, मागवला, हुश्श म्हटलं.

आज कुरिअरवाल्यांचा निरोप: पार्सल अडकलंय, आत दाबाखालचा गॅस आहे का ते लेखी कळवा.

आहे हो! जुन्यातला गेला म्हणून तर मागवलाय!