‘येसाम’ म्हणजे बिघडलेलं ‘अस्मि’ नव्हे

भाची सर्बियात, बेलग्रेडला नोकरीसाठी गेली आणि घरच्या ग्रुपवर तो मजकूर पुन्हा उगवला: ‘सर्बियन ही संस्कृतची मुलगी. त्यांचं ‘येसाम’ (मी आहे) हे आपलं ‘अस्मि’. त्यातला ‘साम’ सामवेदातला. ब्राह्मणांनी बाल्कनात (सर्बियाच्या भागात) जाऊन ती शिकवली. युरोपीय पंडितांनी हे जगापासून लपवलं.’ भाचीने ते खरं मानून ऑफिसात सांगितलं. तुमची भाषा आमच्या भाषेची बिघडलेली प्रत आहे, असं एखाद्याला त्याच्याच गावात जाऊन ऐकवायचं, याला अभिमान म्हणत नाहीत.

साम्य आहे, ते मान्य करावंच लागतं. ‘असणे’ या अर्थाचं त्यांचं क्रियापद ‘बिती’. त्याचा वर्तमानकाळ असा: येसाम, येसी, येस्ते, येस्मो, येस्ते, येसू. आपलं अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति. नातं डोळ्यांना दिसतं. पण ते बहिणींचं आहे, आई-मुलीचं नाही.

पुरावा संस्कृतच्याच पोटात आहे. सर्बियनमध्ये सुरुवातीला ‘ये’, ग्रीकमध्ये ‘एस्ति’, लॅटिनमध्ये ‘एस्त’. ‘अ’ आहे तो संस्कृतकडे. मग जुना स्वर कोणता? ‘चकार’ (त्याने केलं) बघा. धातू ‘कृ’, द्वित्व होताना, म्हणजे धातूचा आरंभ दोनदा येताना, पहिल्या क चा च झाला, दुसरा क तसाच राहिला. पाणिनीने ‘कुहोश्चुः’ (7.4.62) असा नियमच दिलाय. पण पुढे दोन्हीकडे अकार-आकारच दिसतो, तर एकच क का बदलावा? कारण त्या पहिल्या क पुढे एके काळी ‘ए’ होता. ‘माझा’ म्हणताना झ दातांपाशी राहतो आणि ‘माझी’ म्हणताना टाळूकडे सरकतो, तसंच पुढच्या स्वराने क ला टाळूकडे ओढलं. नंतर संस्कृतात त्या ‘ए’चा ‘अ’ झाला, च मात्र राहिला. म्हणजे मूळ ‘ए’ सर्बियनने सांभाळला आणि संस्कृतने बदलला. बदललेल्या रूपातून न बदललेलं रूप निघेल कसं?

‘साम’चा सामवेदाशी काडीचाही संबंध नाही. ते ‘येसाम’चं आखूड रूप: साम, सी, ये, स्मो, स्ते, सू. ‘मी थकलोय’ म्हणजे ‘उमोरान साम’. ‘साम उमोरान’ असं वाक्य सुरू करता येत नाही, आखूड रूपाला आधी काहीतरी टेकू लागतोच. ‘भूक लागलीय का?’ ला उत्तर द्यायचं तर पूर्ण ‘येसाम’ म्हणायचं, नुसतं ‘साम’ चालत नाही. आणि ‘स्मो’–‘स्मः’ ही सगळ्यात भुरळ घालणारी जोडी तर फसवी आहे. जुन्या स्लाव्ह भाषेत (सर्बियन याच कुळातली) तिथे ‘येस्म्’ होतं, ‘ये’ नंतर गळालं. ‘सू’ आणि ‘सन्ति’ यांचं नातं मात्र खरंच जुनं आहे.

ब्राह्मणांनी बाल्कनात जाऊन भाषा शिकवली, या दाव्याला कुठलाच आधार नाही. सोडून देऊ.

राहिलं ‘लपवलं’. ब्रिटिश संस्कृत अभ्यासक विल्यम जोन्सने 1786 साली कलकत्त्यात उघड सभेत सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून आल्या असाव्यात, आणि तो उगम कदाचित आता उरलेला नाही. जर्मन भाषाभ्यासक फ्रान्झ बॉपने 1816 साली पुस्तक छापलं ते नेमकं क्रियापदांच्या रूपांवर, संस्कृतची रूपं ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक (जर्मन-इंग्रजीच्या कुळातल्या) रूपांशी ताडून. पुढे त्याच्या तौलनिक व्याकरणात स्लाव्ह भाषाही आल्या. या विद्याशाखेची सुरुवातच ‘अस्मि’सारख्या रूपांच्या तुलनेने झाली, आणि ती छापील पुस्तकांतून झाली.