सी लिंकवर बंदी, म्हणून बुद्ध सर्किट

मुंबईत बाइकवाल्याच्या नशिबी मोकळा रस्ता नाही. सी लिंकवर दुचाकीला बंदी, अटल सेतूवर बंदी, कोस्टल रोडवरही बंदी. उरला वेस्टर्न एक्सप्रेस हायवे. तो पावसाळ्यात कसा असतो ते बोरिवली-अंधेरी रोज करणाऱ्याला विचारा. (मी करतो. विचारा.) म्हणून रात्री जेवण झालं की मी 'मोटोजीपी २३' हा बाइक शर्यतींचा व्हिडिओ गेम लावतो आणि थेट ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर जातो.

हा गेम आला जून २०२३ मध्ये आणि बुद्ध सर्किटवरची खरी मोटोजीपी शर्यत झाली सप्टेंबरात. इटलीचा रायडर बेझेक्की तिथे जिंकायच्या तीन महिने आधी आम्ही तिथे आपटून मोकळे! कझाकस्तानचं सोकोल सर्किटही गेममध्ये आहे, ती शर्यत तर रद्दच झाली. अधिकृत परवाना घेतला की कॅलेंडरवर भरवसा ठेवून ट्रॅक बांधायचे, पुढचं नशीब.

समीक्षकांची एक तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे: दरवर्षी तेच. मिलानची माइलस्टोन कंपनी २०१३ पासून वर्षाला एक गेम काढते. रायडर बदलतात, स्टिकर बदलतात, किंमत मात्र नव्या गेमची. मी सेल लागेपर्यंत थांबतो, तुम्हीही थांबा.

पण 'नवख्याला फार अवघड' हे जे दूषण देतात ना, ते मला पटत नाही. अहो, बाइक आहे ती! कारच्या गेमसारखं वळणात शिरून करकचून ब्रेक मारलात की पडणारच. पुढचा ब्रेक वेगळा, मागचा वेगळा. टायरची पकड मोजकीच, ती ब्रेकला तरी द्या नाहीतर वळणाला. बाइक कललेली असताना पुढचा दाबला की पुढचं चाक सटकलंच. ओल्या मॅनहोलच्या झाकणावर एकदा घसरलेल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. बरं, नवख्यांसाठी ब्रेक-वळण सांभाळून घेणारी मदत यात दिलेली आहेच. पहिले चार दिवस मीही ती चालूच ठेवली होती, लाज कसली?

आणि यात भर शर्यतीत पाऊस येतो. परवा आला. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गॅरेजमध्ये शिरलो, ओल्या टायरची दुसरी बाइक घेतली, सहावा आलो. आई दारात उभी राहून बघत होती.

"पाऊस आला की गाडी बदलून देतात होय? मग तू रोज भिजत का येतोस रे?"