घराची दुरुस्ती आणि पावसाची बेगमी: वेळापत्रक स्वयंपाकघरापासून लिहा

कोकणातल्या जुन्या चिरेबंदी घराचं काम काढायचं ठरलं की सगळं बोलणं कौलं, वासे, गवंडी आणि पैसा यांच्याभोवती फिरतं. स्वयंपाकघराचा विषय निघतो अगदी शेवटी, आणि "तेवढे दिवस भागवू कसंतरी" एवढ्यावर संपतो. माझं मत याच्या नेमकं उलट आहे. माणसं घरात राहत असताना काम करायचं असेल, तर वेळापत्रक स्वयंपाकघरापासून लिहायला घ्यावं, आणि घरात जे कोणी रोज रांधतं त्याला विचारून लिहावं. कंत्राटदाराने आणलेल्या कागदावर सही करून नव्हे.

कारण साधं आहे. छपराचं काम पावसाआधी उरकायचं, म्हणजे मार्चअखेर ते मे. पावसाची बेगमीही त्याच आठवड्यांत करायची. मिरच्या वाळवणं, मसाला कांडणं, पापड, सांडगी मिरची, आमसुलं, फणसपोळी, आंबापोळी, सुके मासे, तांदूळ ऊन दाखवून भरणं. दोन्ही कामांना एकच ऊन लागतं आणि एकच अंगण. तिथे वाळूचा ट्रक रिकामा झाला, जांभा दगडाच्या चिऱ्यांची रास पडली, उतरवलेली कौलं रचली, की वाळवणाला जागाच राहत नाही. राहिली तरी चिरा तासताना उडणारी तांबडी धूळ पापडावर बसते आणि ती झटकून निघत नाही.

म्हणून आधी बेगमीची वाटणी करा. जे पुढे ओढता येतं ते काम सुरू होण्याआधी, फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत संपवा: मिरच्या आणि मसाला, उडदाचे पापड, कुरडया, कुळथाचं पीठ, भाजणी. आमसुलं, फणस आणि आंबा पुढे ओढता येत नाहीत, फळ पिकेल तेव्हाच ते काम. आमसुलांसाठी रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, हे कित्येक दिवस चालतं आणि मध्ये खंड पडला तर बुरशी धरते. त्यासाठी अंगणाची एक पट्टी पहिल्या दिवशीच दोरी बांधून राखून ठेवा. ती पश्चिमेकडची ठेवा. दुपारी वारा समुद्राकडून येतो, त्यामुळे चिरे तासणं आणि वाळू चाळणं पूर्वेच्या अंगाला झालं तर धूळ वाळवणापासून लांब जाते. अंगण एकाच बाजूला असेल तर वाळवण खाटेवर उचलून घ्या, वर पातळ सुती कापड घाला आणि लादी कापण्याचं काम वाळवण आत नेल्यावरच करायचं, असं गवंड्याशी ठरवून टाका. लादी आणि दगड नेहमी पाणी सोडून कापायला लावा. कोरडी कापली तर सिलिकाची जी बारीक धूळ उडते ती अन्नापेक्षाही फुप्फुसाला वाईट.

छपरात स्वयंपाकघरावरचे खण, म्हणजे छपराचे तेवढे भाग, पहिले घ्या. बरेच जण ओटी-माजघरापासून सुरुवात करतात, कारण ते दर्शनी. पण चुलीवरच्या वाशांवर वर्षानुवर्षांची काजळी असते आणि कौल हललं की ती दोन-तीन दिवस झडत राहते. ती आधीच झडून गेली, खाली झाडून-पुसून झालं आणि वर छप्पर पक्कं झालं, की मेमध्ये वळीव कोसळला तरी चूल विझत नाही. एका दिवशी तेवढेच खण उघडायचे जेवढे संध्याकाळपर्यंत पुन्हा शाकारता येतील. ताडपत्री हाताशी असावीच, पण तिच्या भरवशावर अर्धं छप्पर उघडं टाकून गडी घरी गेले की पहिल्या वाऱ्याला ताडपत्री उडते.

कौलांबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, पुढे किनारपट्टीवर असे कित्येक कारखाने निघाले आणि प्रत्येकाच्या साच्यात थोडा थोडा फरक राहिला. कौलावरचा छाप बघून घ्या. वेगवेगळ्या छापांची कौलं एकाच उतारावर मिसळली तर खोबणीत खोबण बसत नाही आणि नेमकं तिथून गळतं. शाबूत जुनी कौलं एका उतारावर गोळा करा, नवी दुसऱ्या उतारावर जाऊ द्या.

आता तात्पुरतं स्वयंपाकघर. मागची पडवी ही त्याची जागा, पण ती पहिला हातोडा पडण्याआधी तयार हवी. सिलिंडर उभा, सपाट जमिनीवर, आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंच. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. त्यामुळे पायाची खणलेली चर, उघडं गटार किंवा न्हाणीचा खड्डा जवळ असेल तिथे सिलिंडर ठेवू नका. दुरुस्तीच्या घरात असे खड्डे जागोजागी असतात, म्हणून हा धोका एरवीपेक्षा जास्त. नारिंगी सुरक्षा नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, तिच्यावर छापलेली मुदत तपासा, आणि ती भिंतीच्या भोकातून ओवू नका. पडवीत वारा ज्योत विझवतो. तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा करा, पण पत्रा जमिनीपासून वीतभर वर ठेवा, म्हणजे खालची हवा खेळती राहील. प्लास्टिकच्या ताडपत्रीचा आडोसा शेगडीजवळ अजिबात नको. ओटा म्हणून जुन्या दाराची फळी सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर टाकली आणि वर पत्रा ठोकला की काम भागतं.

इंडक्शनवर भिस्त ठेवायची असेल तर आधी वायरिंग बघा. शेगडी १८०० ते २००० वॅटची असते, म्हणजे आठ-नऊ अँपिअर ओढते. लाकडी पट्टीवरून फिरवलेल्या जुन्या बारीक तारेला तो भार सोसत नाही. तार आतल्या आत तापते आणि कळतं तेव्हा सॉकेट काळं पडलेलं असतं. मीटरपासून वेगळी, किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ओढून १६ अँपिअरचा सॉकेट, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असा एक तात्पुरता बोर्ड करून घ्या. फ्रीजही त्याच बोर्डावर. घराचं वायरिंग बदलताना दिवसदिवस वीज बंद राहते आणि ओल्या खोबऱ्याचं वाटण पहिलं आंबतं. गावात संध्याकाळी विजेचा दाब कमी होतो, इंडक्शन वारंवार बंद पडतं. तेव्हा गॅसला तो पर्याय नव्हे, जोड समजा.

पाण्याचं म्हणाल तर पिण्याचं पाणी तोटीच्या झाकणबंद पिंपात ठेवा. गवंड्यांचं पिंप वेगळं, कारण तिथे सिमेंटचं घमेलं बुडतंच. भांड्यांचं पाणी भिंतीलगत न सोडता माडाच्या अळ्यात जाऊ द्या. थाप्या आणि घमेली मात्र तिथे धुवायची नाहीत, सिमेंटचं पाणी क्षारयुक्त असतं.

धूळ सगळीकडे जाते हे गृहीतच धरा. पीठ, मीठ, साखर, मसाला घट्ट झाकणाच्या डब्यात हवं. लोणच्याच्या बरणीला नुसता दादरा पुरत नाही, सिमेंटची भुकटी कापडातून आत जाते. दादऱ्यावर प्लास्टिक बांधा. दारं-खिडक्यांचा जुना तैलरंग खरवडायचा असेल तेव्हा तर जास्तच जपा. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका, ज्योतीने जाळूनही काढू नका. पाणी मारून घासा, खाली प्लास्टिक अंथरून खरवड गोळा करा आणि रांगती मुलं त्या भागात फिरकू देऊ नका. वाशांना काजूच्या टरफलाचं तेल लावायची पद्धत चांगली आहे, वाळवी-किड्याला ते आवरतं, पण कातडीला लागलं तर फोड येतात. जिथे अन्न ठेवायचं त्या फळ्यांना ते नको.

वाळवीचं औषध घालणारे भिंत आणि जमीन मिळते तिथे साधारण ३० सेंटिमीटरवर १२ मिलिमीटरची भोकं पाडून औषध सोडतात. हे काम नवी लादी बसण्याआधी, स्वयंपाकघर पूर्ण रिकामं करून व्हावं. विहीर घराला लागून असेल तर त्या बाजूला औषध सोडायचं की नाही याचा आधी विचार करा. कोकणात जांभ्यातून पाणी झपाट्याने झिरपतं, आणि तेच पाणी आपण पितो.

या दिवसांत रांधायचं काय? गवंडी नऊला येतो, म्हणून मुख्य स्वयंपाक नऊच्या आत संपेल असाच बेत धरा. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं. दुपारी कुकरमध्ये खाली तूरडाळ, वर भात, त्यावर भाजी. भाकरीला मोकळी जागा, स्थिर आच आणि दोन्ही हात लागतात, त्यामुळे तोडफोडीच्या दिवशी भाकरीचा हट्ट नको. रात्री कुळथाची पिठी. चौघांना पाऊण वाटी पीठ थंड पाण्यात आधी कालवून घ्या, लसूण-मिरचीच्या फोडणीत चार-पाच वाट्या पाणी आणि तीन-चार आमसुलं उकळली की ते ओता आणि ढवळत राहा. पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर गोळ्या होतात. निवली की पिठी दाटते, म्हणून उतरवताना पातळच हवी. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण पाणी न घालता घट्ट वाटून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतं. ताजे मासे मात्र मोरी नसलेल्या दिवसांत आणू नयेत. साफ करायला पाणी लागतं, घाण टाकायला जागा लागते आणि मांजरं कामाच्या सामानात शिरतात. गड्यांचा चहा एकदाच जास्त करून थर्मासमध्ये भरला की दुपारी शेगडी पुन्हा पेटवावी लागत नाही. चहा द्यायचाच, त्यात काटकसर करू नये.

आता खुद्द स्वयंपाकघर फोडायचं. माझा नियम कडक आहे: सिंक, नळ, ट्रॅप (सिंकखालचा पाणी धरून वास अडवणारा वाकडा पाइप), पाइप, ओट्याचा दगड आणि दहा टक्के जास्तीच्या लाद्या अंगणात उतरल्याशिवाय जुना ओटा फोडू द्यायचा नाही. सिंक हातात नसताना दगडाचं भोक मापाच्या कागदावरून कापलं जातं, आणि सेंटिमीटरभर चुकलं तरी दगड वाया. मग दुसरा येईपर्यंत घरच्यांनी पडवीत बसायचं. सगळं हाताशी असेल तरी फोडण्यापासून परत रांधायला लागेपर्यंत तीन आठवडे धरा. गिलाव्याला निदान सात दिवस पाणी मारावं लागतं आणि तेवढे दिवस खोली ओली असते. त्या ओलीत डबे परत आणले की पिठाला जाळी धरते.

ओट्याची उंची रांधणाऱ्या माणसाला उभं करून ठरवा. कोपर वाकवल्यावर त्याच्या खाली १० ते १५ सेंटिमीटर ही ओट्याची पातळी. पाच फूट उंचीच्या बाईला ती साधारण ८० ते ८५ सेंटिमीटर येते. गवंडी सवयीने ठरलेलं माप लावतो आणि पुढची वीस वर्षं खांदा दुखतो. लाटायची जागा चार बोटं आणखी खाली घ्या. आणि विळीवर बसून चिरणं, नारळ खवणं, रगड्यावर वाटणं ज्या घरात होतं तिथे जमिनीवर चार बाय चार फुटांची कोरडी जागा नकाशात दाखवून ठेवा. मॉड्युलर कपाटांच्या नादात हीच जागा पहिली जाते.

शेणाच्या जमिनीवर थेट चकचकीत लादी घातली की खालची ओल वर यायची थांबते आणि भिंतीत चढते. त्यासाठी बाहेरची जमीन आतल्या पातळीपेक्षा किमान १५ सेंटिमीटर खाली हवी आणि पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून दूर जायला हवं, मग आत काय घालायचं ते घाला. जांभ्याच्या भिंतीवर सिमेंटचा कडक गिलावा तर नकोच. चिरा पाणी पितो आणि सोडतो. सिमेंटने तोंड बंद केलं की क्षार मागे साठतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याची सफेदी हेच योग्य. तेलकटपणासाठी शेगडीमागे दोन फूट लादी पुरते. छतापर्यंत नेऊ नका. चुना हळू सुकतो, महिने घेतो, पण त्यासाठी स्वयंपाक थांबवायची गरज नाही.

नवी मोरी झाली की वापर सुरू करण्याआधी तोंड बुजवून पाण्याने भरा, पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि दोन दिवस तशीच ठेवा. खुणेखाली पाणी उतरलं तर गवंडी अजून गावात असतानाच बोलवा. मिरगाची पेरणी सुरू झाली की तो सापडत नाही.