आलमट्टी, एफआरपी आणि आमचा फ्लेक्सचा धंदा

कृष्णेवर आपल्या खालच्या अंगाला कर्नाटकाचं आलमट्टी धरण आहे, त्याच्या तुंबलेल्या पाण्यानं सांगली बुडते का नाही हा आपल्याकडचा जुना वाद. पावसाळा तोंडावर आला की सांगलीत व्हॉट्सॲपवर त्याचीच दोन चित्रं फिरायला लागतात. एकात आलमट्टीतनं मोठ्ठा लाल बाण निघतो तो थेट गणपती पेठेत घुसतो, खाली 'जागे व्हा, शेअर करा'. दुसऱ्यात दोन आडव्या रेषा, वरची सांगली साधारण 549 मीटर, खालची आलमट्टी 519.60 मीटर, आणि खाली 'आता तरी अफवा थांबवा'. दोन्ही बनवणाऱ्यांना वाटतं आपण लोकांना सोपं करून सांगतोय. माझ्या मते दोघांनीपण फसवलंय, एकानं बाण काढून आणि दुसऱ्यानं खरे आकडे देऊन. दुसरा जास्त डेंजर, कारण त्याचं खोटं पकडता येत नाही.

मी फ्लेक्स छापतो, त्यामुळं चित्र लोकांच्या डोक्यात कसं शिरतं ते रोज बघतो. आमच्याकडं ऑर्डर येते ती वाढदिवसाची, निवडीबद्दल अभिनंदनाची, नायतर भावी अमुकतमुकची. साहेबांचा फोटो एवढा, दादांचा एवढा, खाली शुभेच्छुकांची पंचवीस तोंडं पासपोर्ट साइजमध्ये आणि कुणाचं तोंड कुणाच्या वर यावरनं दुकानात अर्धा तास भांडण. पण 'गावातल्या माणसाला हा निर्णय कळला पाहिजे, एक चित्र काढून द्या' अशी ऑर्डर घेऊन एकही पक्षाचा माणूस आजवर दुकानाची पायरी चढलेला नाही. (चढला तर डिस्काउंट देईन, हे लिहून ठेवा.)

परवा डिग्रजकडचे एक आण्णा नातवाच्या बारशाचा फ्लेक्स न्यायला आलेले. टीव्हीवर आलमट्टीचंच चाललेलं. ते म्हणले, "पोरा, आपल्या आयर्विन पुलाला 45 फुटाला धोका म्हणत्यात, आन तिकडं धरण 519. मग ते आपल्यापेक्षा दहापट वर हाय का काय?" दुकानात दोन पोरं हसली. मला हसू आलं नाही, कारण प्रश्न बरोबर होता. पुलाची पातळी फुटात मोजतात आणि ती नदीतल्या मोजपट्टीच्या शून्यापासनं, धरणाची मीटरमध्ये आणि ती समुद्रसपाटीपासनं. ही एक ओळ बातमीत कुणी सांगत नाही. अँकर सांगत नाही, पुढारी तर नाहीच नाही, आणि वर परत म्हणायचं लोकांना काय कळत नाही.

आता बघा, आयर्विन पुलाचं सांगलीकराला कुणी शिकवावं लागलं का? 40 फूट इशारा, 45 फूट धोका, बारक्या पोरालापण पाठ. का, तर तो आकडा कुठल्या फुटाला कुणाच्या दारात येतो ते माहितीय. आधी सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, मग पुढं कुठल्या चौकात कधी हे लोक तोंडावर सांगतात. पण 'कोयनेतून विसर्ग वाढवून इतके हजार क्युसेक' म्हणलं की सगळे एकमेकांकडं बघत बसतात. क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटर. 1 लाख क्युसेक दिवसभर सोडलं की साडेआठ टीएमसीपेक्षा (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) जरा जास्त पाणी होतं, आणि अख्खं कोयना धरण 105 टीएमसीचं. एवढी दोन वाक्यं बातमीच्या खाली टाकायला काय जातंय?

माझं म्हणणं एवढंच की राजकारणातला कुठलापण आकडा आयर्विनच्या फुटासारखा सांगता आला पाहिजे, कुणाच्या दारात येतो ते.

आता आलमट्टीचं चित्र. कर्नाटकला धरणाची पातळी 519.60 वरनं 524.256 मीटर करायचीय. 2010 ला कृष्णेच्या पाणीवाटपासाठीच्या ब्रिजेशकुमार लवादानं त्याला परवानगी दिली, तो निवाडा सुप्रीम कोर्टामुळं राजपत्रात आला नाही आणि भांडण चालूच. 2019 च्या महापुरानंतर आपल्याच सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं आलमट्टीला दोषी धरलं नाही, आणि ते इथल्या कितीतरी लोकांना मान्य नाही. दोन रेषांवाला म्हणतो बघा 30 मीटरचा फरक आहे, पाणी चढावर येतं का? अरे पण पूर म्हणजे साठलेलं सपाट पाणी नव्हे. वाहत्या पाण्याला उतार लागतो, म्हणजे आलमट्टीपाशी जी पातळी असेल त्याच्यापेक्षा वर वर येईल तशी ती जास्तच असणार, आणि खालची उचलली की मागची किती उचलली जाईल ते पाणी किती येतंय, गाळ किती, मधे हिप्परगी बॅरेज, पूल, वळणं, सगळ्यावर अवलंबून. तासवडे टोलनाक्यावर एक ट्रक अडकला की रांग मागं सरकत जाते तसं, पण ती रांग कराडपर्यंत जाते का मधेच संपते हे नुसतं नाक्याकडं बघून सांगता येत नाही.

म्हणजे खऱ्या चित्रात तीन रेषा पाहिजेत. नदीचा तळ, आत्ताच्या पातळीला पुराचं पाणी, आणि वाढवलेल्या पातळीला पुराचं पाणी. वरच्या दोन रेषा आलमट्टीपाशी लांब असतील आणि आपल्याकडं येत येत एकमेकीला मिळतील. कुठं मिळतात, शिरोळकडच्या राजापूर बंधाऱ्याच्या खाली का वर, सगळं भांडण एवढंच आहे! ते ज्यानं त्यानं आपल्या आकड्यांनी दाखवावं आणि सोबत लिहावं की हे किती क्युसेकला धरून काढलंय. मग बाणवाल्याला आणि दोन रेषांवाल्याला एकाच कागदावर भांडायला लागेल.

ह्यात एक धंद्यातली गोम सांगतो. नदीच्या वाटेनं आलमट्टी ते सांगली अंतर दोनशे किलोमीटरच्या वर आहे. मी वीस फुटी फ्लेक्स छापला आणि उंची-लांबी एकाच मापात ठेवली तर तो 30 मीटरचा फरक फ्लेक्सवर एक मिलिमीटरसुद्धा येत नाही, साधी रेघ त्याच्यापेक्षा जाड असते. म्हणजे उंची ताणून दाखवावीच लागते, त्याशिवाय चित्रच होत नाही. ताणण्यात पाप नाही, 'उंची इतकी पट ताणलीय' हे कोपऱ्यात न लिहिण्यात आहे. मला तरी असा कोपरा कुठल्याच फॉरवर्डमध्ये दिसलेला नाही.

ऊसाचं तर विचारूच नका. 'एकरकमी एफआरपी' (केंद्रानं ठरवलेला ऊसाचा किमान दर, एकाच हप्त्यात) हे शब्द आपल्याकडं शेंबड्या पोराला येतात, पण राज्य सरकारच्या 2022 च्या जीआरनं नक्की काय झालं ते विचारा, दहातले नऊ गप्प. 2024-25 ला एफआरपी होती 10.25 टक्के उताऱ्याला (ऊसातनं निघणारी साखर) क्विंटलला 340 रुपये आणि वरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.32 रुपये. म्हणजे 12 टक्के उताऱ्याच्या कारखान्याला टनाला 3981 होतात. जीआर म्हणत होता आपल्या पुणे विभागात आधी 10.25 धरून द्या, म्हणजे 3400, उरलेले हंगाम संपून उतारा निघाल्यावर. (तोडणी-वाहतूक दोन्हीकडं वजा होणार, ती सोडा.) टनाला 581 मागं राहिले. एकरी 40 टन धरा, 23,240 रुपये. हा आकडा दारात आला की नाही? पोराची फी, सोसायटीचा हप्ता, सगळं त्यातच. कायदा 14 दिवसांत पैसे द्या म्हणतो. मार्च 2025 ला हायकोर्टानं तो जीआर रद्द केला तेव्हा सगळीकडं 'ऐतिहासिक निकाल' छापून आलं, हे 23 हजाराचं गणित किती जणांनी छापलं? एक उभा पट्टा काढायचा 3981 चा, 3400 वर रेघ मारायची, वरचा तुकडा लाल करायचा. पाच मिनिटाचं काम.

काही शिकलेले मित्र म्हणतात की एवढं सोपं केलं की विषय पातळ होतो. मला पटत नाही. क्रांतिसिंह नाना पाटील ज्या भाषेत बोलायचे ती येडेमच्छिंद्रच्या शेतकऱ्याची भाषा होती, आणि त्याच लोकांच्या जिवावर 1943 ते 46 इंग्रजांच्या नाकावर टिच्चून प्रतिसरकार चाललं. त्याच्याआधी सत्यशोधक जलसेवाले भटाभिक्षुकीपासनं सावकारीपर्यंत सगळं तमाशाच्या अंगानं सांगत फिरायचे, ह्याच तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात. आणि 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, त्याच्यावर चिन्ह चिकटवलेलं, वाचता न येणाऱ्यानंपण बरोबर मत टाकलं. आज आपण त्याच माणसाच्या नातवाला पीडीएफ पाठवतो, 140 पानी, स्कॅन केलेली, वाकडी.

पातळ होतं ते वगळल्यामुळं. पूररेषेचं घ्या. निळी रेषा 25 वर्षांतून एकदाच्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदाच्या. बिल्डर लोक सांगतात शंभर वर्षांतून एकदा, तुमच्या हयातीत नाही येत. त्याचा खरा अर्थ आहे दरवर्षी शंभरात एक, आणि 30 वर्षांचं कर्ज काढून तिथं घर घेतलं तर त्या काळात लाल रेषेपर्यंत पाणी यायची शक्यता साधारण 26 टक्के. 2005, 2019, 2021 बघितलेल्या गावाला हे पटवायला फार त्रास पडू नये. पण ब्रोशरवर ते छापत नाहीत आणि नकाशा मागायला गेलं की 'साहेब मीटिंगला गेलेत'.

असो. आलमट्टीची तीन रेषांवाली आकृती मी काढायला घेतलीय, पण नदीच्या तळाचे आकडे जागोजागचे लागतात. पाटबंधारेत काम केलेले कुणी रिटायर्ड इंजिनिअर ओळखीत असतील तर कमेंटमध्ये टॅग करा, दोन्ही बाजूंचे चालतील. आणि ऊसबिलाच्या पावत्या असतील तर नाव, खातं नंबर झाकून फोटो इनबॉक्सला टाका, ऊसाचा तो उभा पट्टा खऱ्या पावत्यांवरनं काढायचाय. बाणवाली इमेज मात्र पाठवू नका, ती माझ्याकडं सगळ्या साइजमध्ये आहे.