मैदान नकाशावर होतं, अंदाजपत्रकात नव्हतं

आमच्या वॉर्डातल्या मैदानाला परवा पत्रे लागले. तिथल्या चिंचेच्या खोडावर पोरांनी खडूने काढलेले स्टंप मागच्या आठवड्यापर्यंत दिसत होते. आता आतून जेसीबीचा आवाज येतो. ग्रुपवर सकाळपासून एकच चाललंय, बिल्डरने मैदान गिळलं. राग मलाही आलाय. पण दोन महिने मी या जागेची कागदपत्रं काढतोय, आणि मैदान गेलं त्याचं कारण वेगळं आहे.

मुळात ते मैदान नगरपालिकेचं कधीच नव्हतं. विकास आराखड्यात, म्हणजे गावातली कोणती जागा कशासाठी ठेवायची हे ठरवणाऱ्या नकाशात, त्या सर्व्हे नंबरवर ‘खेळाचे मैदान’ असं आरक्षण होतं, एवढंच. सातबारा खासगी मालकाच्या नावावर. आरक्षण पडलं की मालकाला तिथे दुसरं काही बांधता येत नाही, आणि नगरपालिकेने मोबदला किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन जागा ताब्यात घ्यायची असते. महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याचं (एमआरटीपी) कलम 127 सांगतं की अंतिम आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिने. तेवढ्यातही हालचाल झाली नाही तर आरक्षण संपलं. नुसता प्रस्ताव पुढे पाठवून भागत नाही, भूसंपादनाच्या दिशेने प्रत्यक्ष पाऊल पडायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 सालीच सांगितलंय.

आमच्याकडे नोटीस आली, ठराव झाला, फाइल गेली. पैसे? माहिती अधिकारात पाच वर्षांची अंदाजपत्रकं मागवली. झेरॉक्स इतकी फिकी, की आकडे खिडकीशी धरून वाचावे लागले. ‘आरक्षित जागा भूसंपादन’ या लेखाशीर्षापुढे (खर्चाच्या खात्यापुढे) पाचही वर्षं एकच आकडा: 1,000 रुपये. गुंठ्याचा भाव लाखांत असलेल्या गावात हजार रुपये! त्याच पानावर स्वागत कमानी आणि पेव्हर ब्लॉकला लाखोंची तरतूद. लेखा विभागात विचारलं, तर म्हणाले, “लेखाशीर्ष चालू राहावं म्हणून टाकतो तेवढे.”

जमीनमालक काकांना शिव्या देणाऱ्यांनी कृपा करून थांबा. मी त्यांच्या घरी जाऊन आलो. बारा वर्षं ती जमीन ना विकता आली, ना बांधता आली, बँकेनेही त्यावर कर्ज दिलं नाही. मुलीच्या लग्नाच्या वेळी दुसरं शेत विकावं लागलं. कायद्याने दिलेली वाट त्यांनी धरली. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा आपण जागे असतो. पुण्याच्या 2013च्या प्रारूप आराखड्यावर 80,000हून जास्त हरकती आल्या होत्या. मुंबईचा 2015चा प्रारूप आराखडा इतका चुकीचा निघाला, की लोकांच्या ओरडीनंतर सरकारला तो रद्द करून नव्याने करायला लावावा लागला. आमच्या गावातही हरकती गेल्या, सुनावणीला मी स्वतः होतो. आरक्षण कायम राहिलं म्हणून आम्ही पेढे वाटले. पण त्यानंतरच्या एकाही फेब्रुवारीत आमच्यापैकी कुणी अंदाजपत्रक उघडून पाहिलं नाही. पुढे प्रशासकांचा काळ आला, तेव्हा तर ते एका सहीने मंजूर व्हायचं. सभेत उठून विचारायला नगरसेवकच नव्हते. ही चूक मला फार लागून राहिली आहे.

वॉर्डात अजून दोन आरक्षणं शिल्लक आहेत, प्राथमिक शाळेचं आणि भाजी मंडईचं. आराखडा तोच, म्हणजे 10 वर्षं त्यांचीही उलटून गेली आहेत. मालकांनी अजून नोटीस दिलेली नाही, पण उद्याही देऊ शकतात. यंदाच्या अंदाजपत्रकात या दोन जागांसाठी खरी तरतूद करा आणि मालकांशी टीडीआरची बोलणी आत्ताच सुरू करा, असा अर्ज लिहिलाय. सोमवारी अकरा वाजता आवक-जावकला देणार आणि पोच घेणार. सही करायची असेल त्यांनी रविवारी संध्याकाळी मारुतीच्या पारावर या. दोन्ही जागांचे सर्व्हे नंबर आणि आराखड्याची प्रत सोबत आणतो.